उसाकडं तोंड केलेली खुर्ची

"अगं, थेंब काढ! माझ्या तोंडाकडं काय बघती? काढ! ... थांब, थांब, आत्ता न्हाय!"

मोरगाव मागं पडलं, ज्वारीची कोरडी रानं संपून ऊस सुरू झाला. कोऱ्हाळ्याच्या शिवारात शिरताना मी गाडीची काच खाली केली, तर उकळत्या रसाच्या वासाआधी माझ्या धाकट्या भावाचा आवाज कानावर आला. बबनचा. छपराखाली काहील, रसाची अवाढव्य कढई, रटरटत होती. काहिलीशेजारी त्याची लेक, माझी भाची शीतल, लांब दांड्याचा पळा धरून उभी होती. शेतकीची पदवी घेऊन आलेली पोरगी, यंदा गूळ मी काढणार म्हणून हट्टानं काहिलीवर उभी राहिलेली. पण ती काहिलीकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती.  ती वळलेली मान मी आधी पाहिली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, तात्यांच्या दुखण्याच्या हिवाळ्यात, मान बबनची होती आणि आवाज आमच्या तात्यांचा.

मी गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिले. 

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांना हे नुसतं धूर आणि गोंगाट वाटेल. पण त्यात एक क्षण असा असतो की सगळ्यांचे श्वास अडकतात. उसाचा रस तास-दोन तास उकळून उकळून घट्ट होतो, फेस चढतो, पिवळा होतो, मग लालसर. शेवटी बुडबुडे जड होऊन फुटायला लागतात. तेव्हा गूळ काढणारा माणूस, म्हणजे गुळव्या, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की तो एकच शब्द म्हणतो, "उतरवा!" तो आला की गडी काहील चुलवणावरून, म्हणजे खालच्या भट्टीवरून, उचलतात आणि पाक गार व्हायला वाफ्यात ओततात. त्या शब्दाला जरा उशीर झाला तर गूळ करपून काळा. जरा घाई झाली तर तो बसतच नाही, चिकट लगदा होतो आणि बोटांना चिकटून राहतो. रस तोच, ऊस तोच, मेहनत तीच. फक्त तो एक शब्द.

आमच्या गुऱ्हाळाची त्यात एक रीत. 'उतरवा' हा शब्द एकाच तोंडातून यायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं, अगदी बरोबर वेळेला म्हटलं, तरी गडी काहील उचलायच्या दांड्याला हात लावायचे नाहीत. आजोबांच्या तोंडातून तो शब्द तात्यांच्या तोंडात आला तो आजोबा गेल्यावरच. माणूस आहे तोवर शब्द त्याचा. त्या रीतीत शहाणपणही होतं म्हणा. उकळत्या काहिलीशेजारी दोन माणसांनी दोन हुकूम दिले तर कुणाचा तरी पाय भाजायचा. पण शहाणपण म्हणून सुरू झालेली गोष्ट कधी फास होते ते कुणालाच कळत नाही.

तात्या म्हणजे आमचे वडील. उभं राहिलं की छप्पर ठेंगणं वाटावं असा माणूस. पहाटे त्यांच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं आणि संध्याकाळी त्यांच्या जांभईनं झोपायचं. भांडणं त्यांनी सोडवायची, सोयरिकी त्यांनी जुळवायच्या, भाजीत मीठ किती तेही त्यांनीच सांगायचं. वाईट माणूस नव्हता हो. गुऱ्हाळावर आलेला वाटसरू रस आणि गूळ घेतल्याशिवाय त्यांनी कधी जाऊ दिला नाही. पण त्यांच्या जवळ असलं की आपलं असं काही मनात जमत नसे. एखादा विचार जरा धरायला लागला की त्यांचा आवाज यायचा, आणि तो वितळून जायचा. मी दूर पळाले म्हणून वाचले. बबन राहिला.

मी पुण्यात दीर्घिकांचा अभ्यास करते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावं. आपली आकाशगंगा हे त्यातलंच एक गाव. त्या हिवाळ्यात माझ्यासमोर अशीच एक दूरची दीर्घिका होती आणि ती मला छळत होती. तिच्यात नवे तारेच होत नव्हते. सगळे जुने, लालसर, म्हातारे. एखाद्या गावात कित्येक वर्षांत पाळणाच हललेला नाही, तसं. आणि असं कळलं की माणूस आधी म्हणतो, माल संपला असणार. वायू संपला, तारे बंद. पण माल संपलेला नव्हताच. वायू भरपूर होता, दीर्घिकेभोवती पसरलेला. हेच माझं डोकं खात होतं.

त्याच सुमारास तात्यांच्या छातीत दुखलं. बारामतीच्या दवाखान्यात जाळी बसवली. डॉक्टरांनी बजावलं, धगीजवळ उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, चिडायचं नाही. तात्या म्हणाले, "मग जगायचं कशाला?" मी रजा टाकून घरी आले. सोबत कॉम्प्युटर आणला, म्हटलं लिहायचं तेवढं तिथंच लिहीन. कसलं लिहिणं! गळीत सुरू झालेलं, आणि घरात प्रत्येक जण काचेवर चालल्यासारखा चालत होता.

माझ्या वहिनीनं, सुरेखानं, त्यावर तोड काढली. छपरापासून बरंच लांब, बाभळीच्या सावलीत, तिनं एक लाकडी खुर्ची मांडली. हातांची, जुनी, भक्कम. म्हणाली, "तात्या, हितनं सगळं दिसतंय. हितंच बसायचं. ह्याच्या पुढं पाऊल न्हाय." तात्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. सुरेखा हलली नाही. ते बसले.

आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. काहिलीवर बबन, पण शब्द तात्यांचा. थेंब बघणारा एक आणि बोलणारा दुसरा. बबननं पाण्यातली गोळी वळून बघायची, मग मान वळवून खुर्चीकडं बघायचं. तात्यांना तिथून थेंब दिसायचा नाही. धूर आणि वाफ मधे. ते वासावर आणि बुडबुड्यांच्या आवाजावर अंदाज बांधायचे आणि ओरडायचे. "जाळ वाढव, गेनबा! ... आरं कमी कर, कमी! ... अजून! अजून हाय!" गेनबा नाना हे चुलवणात चिपाडं घालणारे, तात्यांच्याच वयाचे, त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचं, मग आमच्याकडं स्थिरावलं. त्यांचा हात बबनच्या बोलण्यावर चालायचा नाही. मालक म्हणजे तात्या.

कधी गूळ साधायचा, कधी जरा काळपट यायचा. साधला की तात्यांमुळं. काळपट आला की बबनमुळं.

"लक्ष कुठं असतं रं तुझं?" तात्या लांबून ओरडायचे. बबन घामानं निथळत, फावड्यानं वाफ्यातला पाक ओढत राहायचा. छत्तिशी ओलांडलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि खाली घातलेली मान शाळकरी पोराची.

मधेच इंदापूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं, कृष्णविवरांवर बोला म्हणून. मला वाटलं, तेवढीच दुपार मोकळी. बबन म्हणाला, मी सोडतो. मोटारसायकलवर निघालो. शाळेच्या पटांगणात पोरं खाली बसलेली, मुख्याध्यापकांनी माझी ओळख अशी करून दिली की जणू मी चंद्रावर राहूनच आले. मी सांगायला लागले. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर असतं. प्रचंड, पण दीर्घिकेच्या मानानं चिमूटभर. गावाच्या मानानं मोहरीचा दाणा. बरीचशी विवरं झोपलेली असतात. पण आसपासचा वायू त्यात पडायला लागला की ते जागं होतं. आत पडणारा वायू फिरत फिरत, घासत घासत असा तापतो की सगळ्या दीर्घिकेहून जास्त उजेड एवढ्याशा जागेतून येतो. जोरात वारे सुटतात. कधी तर दोन बाजूंना कारंजी उडतात, दीर्घिकेच्या बाहेरपर्यंत.

मागून एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, मोठा आवाज. "म्याडम, मग ते सगळे तारे खाऊन टाकतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "लोकांना तसंच वाटतं. खातं थोडंसंच. त्रास होतो तो त्याच्या खाण्यामुळं नाही, खाताना जी धग बाहेर टाकतं तिच्यामुळं. तारा व्हायला वायू गार व्हावा लागतो. गार झाला की आकसतो, आपल्याच वजनानं गोळा होतो, त्याचा तारा होतो. पण मधलं विवर धगधगत असलं तर काही वायू बाहेर फेकला जातो, आणि उरलेला गार होतच नाही. असतो सगळा तिथंच. पण जमत नाही."

"म्हंजी माल हाय, पर गार हुईना," ती म्हणाली, आणि पोरं हसली. मी हसले नाही. मी बबनकडं पाहिलं. तो पटांगणाच्या कडेला मोटारसायकलला टेकून उभा होता, आणि एवढा दगडासारखा उभा मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना निमगाव केतकी ओलांडल्यावर त्यानं चहाला गाडी थांबवली. चहा आला. त्यानं प्यायला नाही. बशीत ओतलेला चहा तसाच गार होत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "मला बारामतीत कंपनीत काम मिळालंय. येत्या सोमवारपास्नं हजर व्हायचं."

मी विचारलं, "आणि गुऱ्हाळ?"

"बंद. तात्यांच्यानं हुत न्हाय, आन् ते मला करू देत न्हाईत. मी जर एकदा, फकस्त एकदा, माझ्या तोंडानं काहील उतरवली असती ना..." तो थांबला. "तितं निदान मशीन तरी मला मान वळवून बघायला लावणार न्हाय."

"तात्यांना सांगितलंस?"

"तू येडी हाय का? छातीत जाळी हाय त्यांच्या."

म्हणजे बोललं तर बाप जायचा, न बोललं तर भाऊ. सोमवारला आठवडाही उरला नव्हता. आम्ही घराकडं निघालो. कालव्याच्या कडेनं बाया गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या, कारखान्याकडं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, सगळं नेहमीसारखं. मला मात्र वाटत होतं, हे सगळं आता एखाद्या शब्दावर लटकलंय.

आता इथं मला एक स्पष्ट सांगू द्या. शास्त्राचं कीर्तन करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. अणू म्हणजे आत्मा, ग्रहण म्हणजे अहंकार, असलं काही कानावर आलं की मी उठून जाते. माझा बाप कृष्णविवर नव्हता. माझा बाप माणूस होता, त्याला गुडघेदुखी होती, आणि नातीनं पापा घेतला की तो लाजायचा. पण दिवसभर त्या दीर्घिकेची चित्रं बघायची आणि मान वर केली की बाभळीखालची खुर्ची दिसायची. मी तरी किती वेळ डोळे मिटून घेणार?

आणि माझी ती दीर्घिकासुद्धा सरळ नव्हती. मधलं विवर आम्ही बघितलं तेव्हा ते अगदी शांत. झोपलेलं. गुन्हा झालेला दिसतोय, आणि ज्याच्यावर संशय तो घोरतोय. मग दोष कुणाचा? जुन्नरकडच्या माळावर ज्या मोठ्या थाळ्या आकाशाकडं तोंड करून उभ्या आहेत तसल्या दुर्बिणींनी बघितलं तेव्हा दिसले, दीर्घिकेच्या दोन बाजूंना दोन अवाढव्य पोकळ फुगे. कधीकाळी विवरानं उडवलेल्या कारंज्यांनी गरम वायूत फुगवलेले. विवर झोपलं होतं, पण त्यानं मागं ठेवलेली धग अजून विरली नव्हती. तरीही पक्कं म्हणायला छाती होत नव्हती. काही दीर्घिकांत तर उलटंच दिसतं. विवराच्या वाऱ्यानं ढकललेला वायू कडेला कुठंतरी दाबला जातो आणि तिथं नवे तारे पेटतात. बाहेर, लांब. ते वाचताना मला माझंच हसू आलं. मीही अशीच ढकलली गेले आणि लांब जाऊन कशीबशी उजळले. त्यासाठी तात्यांचे आभार मानू की त्यांच्याशी भांडू, हे मला आजही कळलेलं नाही.

एका दुपारी मी कॉम्प्युटर घेऊन बाभळीखाली, खुर्चीजवळ बसले होते. एक आधण, म्हणजे काहीलभर रस, उतरून दुसरं चढायच्या मधला वेळ. तात्या बराच वेळ पडद्याकडं बघत होते.

"ह्यो लाल ठिपका काय हाय?"

मी सांगितलं. इंदापूरला सांगितलं तसंच, पण जपून. खूपच जपून. धग, वायू, गार न होणं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हंजी त्येचा गूळ बसंना."

"हां. तसंच."

"आन् त्या इवराला म्हाईत असतं का, आपल्यापायी ह्ये हुतंय म्हून?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का पाहिलं. काही दिसलं नाही. सरळ प्रश्न होता, जत्रेत एखाद्या यंत्राबद्दल विचारावा तसा. मी म्हटलं, "त्याला काय कळायचं, तात्या? त्याला जीव थोडाच असतो."

"मग सोड," ते म्हणाले, आणि लगेच छपराकडं तोंड करून ओरडले, "गेनबा! झोपलास का काय? जाळ बसला की!"

सुरेखा रसाचा तांब्या घेऊन आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वन्सं, आभाळातलं ऱ्हाऊ द्या. हितलं इझवा आधी."

दुसऱ्या दिवशी एक आधण करपलं.

ऊस चांगला होता, रस सोन्यासारखा. बबननं थेंब पाण्यात सोडला, गोळी वळली. मी जवळच होते, त्याचे डोळे चमकलेले मी पाहिले. झालं होतं. त्यानं मान वळवली. खुर्चीवरून आवाज आला, "अजून!"

"तात्या, झालंय!" बबन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी सांगतो न्हवं? अजून हाय! जाळ कमी करू नगं, गेनबा!"

गडी दांड्याजवळ उभे. काहिलीत बुडबुडे जड जड फुटत होते. बबन ओरडला, "उतरवा!" कुणी हललं नाही. गेनबा नाना चिपाडाचा भारा हातात धरून एकदा काहिलीकडं, एकदा बाभळीकडं बघत होते. कडेनं काळी रेघ धरायला लागली. मग वास आला. करपल्याचा तो वास ज्यानं घेतलाय तो विसरत नाही. तो लांब बाभळीपर्यंत पोचला तेव्हा तात्या खुर्चीतून अर्धे उठले, आणि त्यांच्या तोंडातून शब्द आला. उशिरा.

काळाठिक्कर गूळ निघाला. जनावरांनाही घालवेना असा. बबननं फावडं टाकलं आणि हात न धुताच निघून गेला, कालव्याच्या बाजूला. तात्या वाफ्यापाशी आले. सुरेखानं आखलेल्या हद्दीच्या पुढं आले, पण तिनं अडवलं नाही. त्यांनी एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, चघळला. सगळे वाट बघत होते की आता बबनच्या नावानं सुरू होणार. ते म्हणाले, "कडू हाय," आणि परत खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी ते पुन्हा ओरडले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवार उजाडला. सोमवारच्या आधीचं शेवटचं आधण. बबनला माहीत होतं, मला माहीत होतं, सुरेखाला माहीत होतं. बाकी कुणाला नाही. बबननं काहील चढवली ती एखाद्याला निरोप द्यावा तशी, फार जपून. मी छपराच्या खांबाला टेकून उभी होते. रस उकळला, मळी निघाली, फेस चढला. खुर्चीवरून एकही शब्द नाही. लाल रंग धरायला लागला. तरी शब्द नाही. ते ठीक आहेत ना, म्हणून मी वळून पाहिलं.

तात्या उभे राहिले होते. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची उचलली, डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलेलं असताना, आणि फिरवली. गुऱ्हाळाकडं पाठ, उसाकडं तोंड. मग ते त्यात बसले.

सुरेखाच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

बबननं थेंब पाण्यात सोडला. गोळी वळली. सवयीनं मान वळवली. समोर तात्यांची पाठ. पांढरा सदरा, त्यावर धुराची सावली. तो बघतच राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे काहिलीकडं बघ, वेळ जाईल! पण तोंड उघडलं तर तिथं आणखी एक आवाज झाला असता. मी ओठ दाबून धरले.

बबनची मान परत काहिलीकडं आली.

"उतरवा."

आवाज फुटलाच नाही नीट. बारीक, घोगरा. गडी जागचे हलले नाहीत. सगळ्यांचे डोळे बाभळीकडं. पाठ तशीच. बुडबुडे जड झाले. कडेला रेघ धरायला अजून एक क्षण, फार तर दोन. आणि मग गेनबा नानांनी हातातला चिपाडाचा भारा जमिनीवर टाकला आणि गड्यांवर खेकसले, "आरं ऐकू येत न्हाय व्हय? मालकानं सांगितलं न्हवं? उचला!"

मालक. बबनला.

काहील उचलली गेली. पाक वाफ्यात पडला, पिवळाधमक, वाफ छपराला भिडली. बबन वेड्यासारखा फावडं ओढत होता आणि रडत होता. उघडउघड, हुंदके देऊन. कुणी त्याला गप्प कर म्हटलं नाही. मी धावत बाभळीखाली गेले. तात्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते, बोटं पांढरी पडलेली. उपरण्याचं टोक त्यांनी तोंडात कोंबून दातांत आवळून धरलं होतं. डोळे उसावर. मी म्हटलं, "तात्या, झालं. उतरवली." त्यांनी उपरणं तोंडातून काढायला बराच वेळ घेतला.

गूळ गार झाल्यावर सुरेखानं त्यांना तुकडा आणून दिला. त्यांनी तो बोटांत दाबून पाहिला, मग जिभेवर ठेवला. बबन लांब उभा होता, अंगाचं लाकूड करून.

"जरा लौकर उतरवलास," तात्या म्हणाले. बबनची मान खाली गेली. "पर बसला."

सोमवारी बबन कंपनीत गेला नाही. का नाही गेलास, हे कुणी विचारलं नाही. काहील चढवायची होती. तात्या त्यानंतर काही हिवाळे होते. रोज दुपारी त्याच खुर्चीत, उसाकडं तोंड करून. त्यांना कधी कळलं का की मी त्या दिवशी नेमकं काय सांगत होते? मला ठाऊक नाही. माझ्या गोष्टीनं ते बदलले असं म्हणायची माझी मुळीच इच्छा नाही. मला वाटतं ते काम त्या कडू तुकड्यानं केलं. त्यांना स्वतःचा करपलेला गूळ चाखता आला. माझ्या दीर्घिकेतल्या विवराला कोण चाखवणार?

पण आमच्या शास्त्रात याच्या पुढचंही एक पान आहे, आणि ते मी इंदापूरच्या पोरांना सांगायची विसरले होते. विवर थंडावतं. मग भोवतालचा वायूही हळूहळू, फार हळू, गार व्हायला लागतो. चांगलंच की. पण गार झालेला वायू मधेही पडतो, विवराच्या तोंडात. आणि ते पुन्हा जागं होतं. पुन्हा धग. एकदा विझलं म्हणजे कायमचं विझलं, असं तिथं काही नसतं.

"अगं, रंग बघ रंग! पळा असा धरत्यात का? ... शीतल! माझ्याकडं बघ!"

मी गाडीचं दार उघडलं. छपराखाली गेले. बबन घामाघूम, लाल डोळे, अगदी तात्याच. सुरेखा एका बाजूला ओठ घट्ट मिटून उभी होती. तिच्या नजरेनं मला सगळं सांगितलं. शीतलची मान बापाकडं वळलेली, आणि तिच्या पाठीमागं काहिलीतले बुडबुडे जड व्हायला लागलेले. दांड्याजवळ नवे गडी. गेनबा नाना आता नाहीत.

"बबन," मी म्हटलं.

"आक्का, आत्ता न्हाय! आत्ता मधे बोलू नगं!"

"बबन, तात्यांची खुर्ची रिकामी हाय."

तो गर्रकन वळला. असं काही रागानं बघितलं माझ्याकडं की वाटलं, आता काही तरी फेकून मारतोय. "मी काय म्हातारा झालोय व्हय?"

मी बाभळीकडं पाहिलं फक्त. खुर्ची तिथंच होती, एक हात मोडलेला, उसाकडं तोंड करून. तात्या गेल्यापासून तिला कुणी हलवलं नव्हतं. पाऊस-ऊन खाऊन तिचं लाकूड पांढरं पडलं होतं.

बबननं खुर्चीकडं बघितलं.  मग तो निघाला. छपराबाहेर, अंगणातून, बाभळीखाली. जाताना एकदा थांबला. पण वळला नाही. जाऊन बसला.

शीतलनं थेंब पाण्यात सोडला. गोळी वळली. तिची मान जराशी हलली, सवयीनं, आणि अर्ध्यातून परत आली.

"उतरवा!"

तिचा आवाज तिच्या बापासारखा फुटला नाही. खणखणीत आला. गड्यांनी एकदा एकमेकांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि काहील उचलली. वाफेत कुणी कुणाला दिसेना.

मी बाभळीखाली गेले. बबन उसाकडं बघत बसला होता. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक त्याच्या दातांत होतं, आणि तो ते सोडायला तयार नव्हता.